फिब्युलाची खाच

रेडिओलॉजीच्या रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षी घोट्याच्या एका एमआरआयवर मी लिहिलं होतं, 'पोस्टेरिअर टेलोफिब्युलर लिगामेंटला हाय-ग्रेड पार्शल टेअर. बाकी लिगामेंट्स शाबूत.' म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्यांपैकी मागचा पट्टा बराचसा फाटलाय. रिपोर्ट सहीसाठी सरांकडे गेला. त्यांनी स्कॅन उघडलासुद्धा नाही. वाचूनच विचारलं, "या माणसाचा घोटा निखळला होता का?"

"नाही सर. उडी मारताना मुरगळला. चालत आलाय."

"चालत आलाय. पुढचं लिगामेंट शाबूत आहे आणि मागचं फाटलंय. उंबरा न ओलांडता माजघरात शिरलीस की तू!"

मला तेव्हा ना उंबरा दिसला होता ना माजघर. दिसल्या होत्या त्या काळ्या पट्ट्यातल्या उजळ रेघा. लिगामेंट काळं असतं, काळ्यात पांढरं आलं की फाटलं, एवढं एकच गणित मी पाठ करून बसले होते. गुडघ्यात ते बऱ्यापैकी चालून जातं. घोट्यात चालत नाही.

घोट्याची बाहेरची बाजू तीन लिगामेंट्स सांभाळतात. तिन्ही फिब्युलाच्या, म्हणजे पोटरीतल्या बाहेरच्या बारीक हाडाच्या, खालच्या टोकाकडून निघतात आणि तीन वाटांनी जातात. पुढे टेलसच्या, म्हणजे घोट्यात मधे बसलेल्या हाडाच्या, मानेकडे जातं ते अँटेरिअर टेलोफिब्युलर, आमच्या बोलण्यात एटीएफएल. खाली आणि जरा मागे टाचेच्या हाडाकडे उतरतं ते कॅल्केनिओफिब्युलर, म्हणजे सीएफएल. तिसरं फिब्युलाच्या आतल्या खळग्यातून निघून जवळजवळ आडवं मागे जातं आणि टेलसच्या मागच्या उंचवट्याला भिडतं, ते पोस्टेरिअर टेलोफिब्युलर, म्हणजे पीटीएफएल. बहुतेक मुरगळ्यांमध्ये पाऊल खाली झुकलेलं असतं आणि तळवा आत वळतो. तेव्हा पहिला ताण एटीएफएलवर येतो. तिघांत तेच दुबळं, जाडी साधारण २ मिलिमीटर. ते गेल्यावरही जोर उरला तर सीएफएलची पाळी. पीटीएफएलपर्यंत मार पोचायला सांधा निखळावा लागतो, किंवा निखळता निखळता राहावा लागतो. म्हणून सरांना स्कॅन बघायची गरजच पडली नाही.

मग त्या रेघा कसल्या होत्या? पीटीएफएल मुळात पंख्यासारखं पसरलेलं असतं, तंतूंच्या जुड्या आणि मधे मधे चरबी. त्यामुळे ते रेघारेघांचंच दिसतं. घोट्याच्या आतल्या बाजूच्या डेल्टॉइड लिगामेंटचा खोल भागही तसाच. या दोघांच्या बाबतीत आपलं गणित उलटं मांडावं लागतं. रेघा दिसल्या तर बरं, रेघा पुसून सगळं एकसारखं करडं झालं तर शंका घ्यायची. मी निरोगी लिगामेंटला ते निरोगी दिसतं म्हणूनच फाडून ठेवलं होतं.

त्यानंतर सरांनी मला एक शिक्षा दिली. आठवडाभर रोज संध्याकाळी दहा घोटे उघडायचे, फक्त ॲक्सिअल, म्हणजे आडवे काप, आणि लिगामेंटांकडे अजिबात बघायचं नाही. वरून खाली स्क्रोल करत जायचं आणि फिब्युलाचा आकार मोठ्याने सांगायचा. रीडिंग रूममध्ये शेजारी बसलेल्यांची काय करमणूक झाली ते विचारू नका. "गोल... गोल... गोल... खाच... खाच... टोक." तिसऱ्या दिवशी कुणीतरी मला 'खाच' असं नावच ठेवलं. ते पुढे दोन वर्षं चिकटलं.

पण त्या शिक्षेने जे दिलं ते पुस्तकाने दिलं नव्हतं. टिबियाचा, म्हणजे नडगीच्या हाडाचा, तळ संपत येतो तिथे फिब्युला गोल असते, टिबियाच्या खोबणीला टेकलेली. तिला पुढून आणि मागून टिबियाशी बांधणारी ती सिंडेस्मोसिसची, म्हणजे या दोन हाडांच्या जोडाची, लिगामेंट्स, पुढचं एआयटीएफएल आणि मागचं पीआयटीएफएल. थोडं खाली उतरलं की टेलसचा घुमट येतो, चौकोनी दिसतो. आणखी खाली टेलस लांबट होत जातो आणि फिब्युलाच्या आतल्या अंगाला एक खाच पडते. ती दिसली की आपण एटीएफएल आणि पीटीएफएलच्या मजल्यावर आलो. गोल फिब्युलाच्या पुढे कितीही सुबक काळा पट्टा दिसो, तो एटीएफएल नसतो. आणि खाच असलेल्या फिब्युलाच्या मागचा पट्टा पीआयटीएफएल नसतो. हाडं खोटं बोलत नाहीत असं मी म्हणणार नाही, पण घोट्यात ती लिगामेंटांपेक्षा कमी बोलतात आणि सरळ बोलतात.

ही नावं ज्याने कुणी इतकी सारखी ठेवली त्याने रात्रपाळीत कधी रिपोर्ट टाइप केले नसावेत. एआयटीएफएल आणि एटीएफएल, पीआयटीएफएल आणि पीटीएफएल. फरक एका 'आय'चा. त्या एका 'आय'पायी आपण एक मजला चुकतो आणि पेशंटचे उपचार बदलतात. एटीएफएल फाटलं तर बहुतेकांना आधाराचा पट्टा, थोडी सबुरी आणि तोल सावरण्याचे व्यायाम यांवर बरं वाटतं. ज्यांचा घोटा नंतरही डगमगत राहतो त्यांच्यासाठी ब्रोस्ट्रॉम नावाच्या स्वीडिश सर्जनने १९६६ मध्ये सांगितलेली शस्त्रक्रिया आजही, थोड्या फेरफारासह, केली जाते. सिंडेस्मोसिस हे वेगळं प्रकरण. तिथे टिबिया आणि फिब्युलाची जोडीच सैल होते, सांध्याचा चिमटा उघडतो, आणि कधी कधी ती जोडी स्क्रूने किंवा दोरीने परत आवळावी लागते.

सिंडेस्मोसिस खरंच गेलं असेल तर मी रिपोर्टच्या शेवटी एक ओळ हमखास घालते, पूर्ण पायाचा एक्स-रे काढावा. कारण जोर दोन हाडांमधल्या पडद्यातून वर सरकत जाऊन फिब्युला पार गुडघ्याजवळ मोडू शकते. मेझोनव नावाच्या फ्रेंच सर्जनने हे १८४० मध्ये लिहून ठेवलं, एक्स-रेचा शोध लागायच्या पन्नासेक वर्षं आधी. घोट्याच्या एमआरआयच्या चौकटीत ते फ्रॅक्चर येतच नाही. चौकट जिथे संपते तिथे पेशंट संपत नाही, हे आमच्या धंद्यात विसरायला फार सोपं आहे.

एआयटीएफएलने मात्र मला खाचेपेक्षा जास्त छळलंय. ते टिबियाकडून फिब्युलाकडे तिरकं खाली उतरतं. आपण काप घेतो आडवे, साधारण ३ मिलिमीटर जाडीचे. मग होतं काय, की प्रत्येक कापात त्याचा एकेक तुकडा येतो. वरच्या कापात टिबियाकडचा, खालच्यात मधला, त्याच्या खाली फिब्युलाकडचा. कुठल्याही एका चित्रावर थांबलात तर ते मधेच तुटलेलं दिसणार. जिन्याची एकच पायरी बघून जिना तुटलाय म्हणण्यातला प्रकार. उपाय एकच, माउसचं चाक फिरवत राहणं. तुकडे एका रांगेत खाली उतरत फिब्युलाला पोचले तर लिगामेंट आहे. शंका राहिलीच तर लिगामेंटच्या उताराला समांतर असे तिरके काप घेता येतात, मग ते सबंध एका चित्रात मिळतं. त्याच्याच खालच्या काठाला पुष्कळ लोकांत एक सुटी जुडी असते. ती टेलसच्या खांद्यावर घासून दुखू शकते हे बॅसेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडलं. जुडी असणं हा मात्र आजार नाही.

सीएफएलचा त्रास वेगळ्या जातीचा. ते लाजाळू आहे. पेरोनियल टेंडनांची, म्हणजे घोट्याच्या बाहेरच्या हाडामागून पावलाकडे जाणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्यांची, जोडी त्याच्यावरून जाते आणि ते त्यांच्या खाली दडून उतरतं. पाऊल काटकोनात असेल तर ॲक्सिअलवर त्याचा नुसता ठिपका दिसतो. कोरोनलवर, म्हणजे समोरून घेतलेल्या उभ्या कापांवर, एकामागून एक चित्रांत ते टेंडनांच्या आतल्या बाजूला सापडतं. पाऊल थोडं खाली झुकवून, साधारण २० अंशांत, स्कॅन केलं तर ॲक्सिअलवरही त्याची लांबी बऱ्यापैकी पसरून दिसते. याचा आणखी एक फायदा असा, की पेरोनियल टेंडन घोट्याला वळसा घालतात तिथे 'मॅजिक अँगल' कमी सतावतो. व्यवस्थित रांगेत लागलेले कोलॅजनचे तंतू चुंबकीय क्षेत्राशी ५५ अंशांच्या आसपास आले की कमी टीईच्या, म्हणजे सिग्नल लवकर टिपणाऱ्या टी-वन किंवा पीडी चित्रांवर, विनाकारण उजळतात. जास्त टीईच्या टी-टूवर बघितलं की तो उजळपणा जातो. खरी दुखापत जात नाही. नाव जादूचं, पण या जादूने सुरुवातीला माझ्याकडून किती धडधाकट टेंडन आजारी पाडून घेतले याचा हिशेब मी ठेवलेला नाही.

डेल्टॉइड आणि स्प्रिंग लिगामेंटवर मी इथे फार बोलत नाही. डेल्टॉइडसाठी कोरोनल, खोल थर आधी बघायचा, वरचा थर नंतर, एवढं पुरे. टेलस आणि टाचेच्या हाडामधल्या पोकळीतल्या, म्हणजे सायनस टार्सीतल्या, लिगामेंटांवर लिहायचं तर मला आधी स्वतःला ती नीट समजायला हवीत.

मागच्या वर्षी माझाच पाय मुरगळला. जिन्याची शेवटची पायरी आहे असं वाटलं आणि ती शेवटची नव्हती. 'कट्' असा आवाज मला ऐकू आला, की मी नंतर तो स्मरणात घातला, हे आता सांगता येत नाही. पाच मिनिटं तिथेच बसले आणि माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला असेल? चार पावलं टाकता येतात का ते बघू. १९९२ मध्ये ओटावातल्या डॉक्टरांनी घोट्याच्या एक्स-रेसाठी जे नियम मांडले त्यात ही चार पावलं आहेत. घोट्याच्या आतल्या-बाहेरच्या दोन्ही हाडांच्या मागच्या कडेवर दाबून दुखत नसेल आणि चार पावलं पडत असतील तर एक्स-रेची सहसा गरज नाही. मी कण्हत चार पावलं टाकली. कडा दाबल्या. नियमाप्रमाणे एक्स-रेची गरज नव्हती. एमआरआयची तर नव्हतीच. पण रेडिओलॉजिस्टच्या घोट्याला एमआरआयपासून कोण वाचवणार?

संध्याकाळी शेवटचा पेशंट गेल्यावर आमच्या टेक्निशियनने मला कॉइलमध्ये, म्हणजे सिग्नल टिपणाऱ्या साच्यात, पाय घालायला लावलं. ज्या कॉइलमध्ये रोज दुसऱ्यांचे पाय असतात त्यात सुजलेला घोटा बसवताना काय होतं ते मला तोवर ठाऊक नव्हतं. 'पाऊल थोडं खाली झुकवा' हे वाक्य मी प्रोटोकॉलमध्ये स्वतः लिहिलंय. ते पाळताना डोळ्यांत पाणी आलं. "मॅडम, हलू नका हं," असं माइकवरून तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, उद्यापासून 'मोशन आर्टिफॅक्टमुळे चित्रं पुसट' असं लिहिताना शब्द जरा मऊ करावेत.

लंगडत कन्सोलला आले आणि स्वतःच वाचायला बसले. एटीएफएलबद्दल काही बोलायला नको होतं. खाचेच्या मजल्यावर जिथे ताठ काळी दोरी हवी तिथे मधे पाण्याची उजळ फट, दोन्हीकडे नागमोडी बुंधे, आणि सांध्यातलं पाणी पुढे कातडीखालच्या सुजेत शिरलेलं. पूर्ण टेअर. मागे पीटीएफएल आपल्या रेघा मिरवत उभं. त्याला बघून हसू आलं.

मग मी वर गेले. एआयटीएफएल. मधे फट.

इथे मला हे कबूल करायला हवं, की साधारण दहा मिनिटं मी त्या एका चित्रावर खिळून होते. स्क्रू, कुबड्या, सहा आठवडे, ऑपरेशनची तारीख कुठली सोयीची, इथवर माझी मजल गेली. रेसिडेंटांना जिना आणि पायरीचं उदाहरण देणारी मी, आणि माझ्या हाताने एकदाही चाक फिरवलं नाही. चित्रावर नावाच्या जागी माझं स्वतःचं नाव असलं की डोळे पुढे सरकत नाहीत हे मला माहीत नव्हतं.

शेजारच्या टर्मिनलवर बसलेल्या मैत्रिणीने माझा चेहरा बघितला, खुर्ची सरकवत आली आणि न विचारता माउस काढून घेतला. वर, खाली, वर, खाली. "अगं, उतरतंय की छान. हे बघ, इथे लागलं फिब्युलाला. मधला पडदा शाबूत, मागचं पीआयटीएफएल शाबूत. काय झालंय तुला?" मी काहीच बोलले नाही. मग ती खाली आली आणि थांबली. "सीएफएलचं काय लिहिणार होतीस?"

"ठीक आहे."

"पेरोनियलच्या आवरणात एवढं पाणी आहे, ते कुठून आलं?"

हे मी दरवर्षी शिकवते. सीएफएल पेरोनियल टेंडनांच्या आवरणाला तळासारखं लागून असतं. ते फाटलं की सांध्यातलं पाणी आवरणात शिरायला वाट मिळते, म्हणून आवरणातलं पाणी दिसलं तर आधी तळ तपासायचा. तिने कोरोनल उघडलं. सीएफएल होतं, पण फुगलेलं, करडं, फिब्युलाकडच्या टोकाशी सैल पडलेलं. तुटलं नव्हतं, धडही नव्हतं. टेलसच्या आतल्या बाजूला हाडाला मार लागल्याचा पांढुरका ढगही होता, तोही माझ्या नजरेतून सुटला होता. थोडक्यात, जे नव्हतं ते मला दिसलं आणि जे होतं ते दिसलं नाही. रिपोर्ट तिने लिहिला. त्यात माझ्या वयाच्या पुढे 'मुरगळल्याचा इतिहास' असं वाचताना फार विचित्र वाटलं.

पट्टा तीन आठवडे वापरला. मग एका पायावर उभं राहण्याचे व्यायाम, आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून. मिटून उभं राहणं किती अवघड असतं ते करून बघा, लिगामेंट म्हणजे नुसती दोरी नसते हे लगेच कळतं. त्यात मेंदूला पावलाचा ठावठिकाणा कळवणाऱ्या नसा असतात, आणि दोरी भरून आली तरी निरोप काही दिवस उशिराच पोचतात.

गेल्या महिन्यात घोट्याचा नवा प्रोटोकॉल बसवायचा होता आणि चाचणीसाठी निरोगी पाय हवा होता. मी माझा दिला. 'निरोगी' या शब्दावर टेक्निशियनने भुवया उंचावल्या, पण कॉइल लावला. चित्रं सिस्टिममध्ये नावाशिवाय, 'टेस्ट' म्हणून गेली. दुसऱ्या दिवशी मी रीडिंग रूममध्ये शिरले तर पहिल्या वर्षाचा आमचा रेसिडेंट तीच उघडून बसला होता. मी मागे उभी राहिले. त्याला माहीत नव्हतं ती कुणाची आहेत.

"मॅडम, फिब्युला गोल, गोल... इथे खाच," तो बोटाने दाखवत म्हणाला. "एटीएफएल जाड आहे, जवळजवळ दुप्पट. पण काळं आहे, सूज नाही. जुनी दुखापत, भरून आलेली."

"आणि सीएफएल?"

त्याने कोरोनल काढलं, पुढे-मागे फिरवलं. आधी पेरोनियलचं आवरण बघितलं, मग खालचा तळ. "थोडं जाड वाटतं. आवरणात पाणी नाही." जरा थांबून त्याने मान वळवली. "पेशंटला काही त्रास आहे का?"

"जिना उतरताना कठडा धरते," मी म्हटलं, "आणि पायऱ्या मोजते."